साधकबाधक चर्चा होऊन

श्रोतेहो, नमस्कार.

‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन खालील ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ या एका वाक्याच्या पोटात महाराष्ट्रातली निम्मी भांडणं मावतील. हाउसिंग सोसायटी, पतपेढी, देवस्थान, शाळेची समिती, कुणाचीही प्रोसिडिंगची वही उघडा, दर दुसऱ्या पानावर हे वाक्य भेटेल. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी दोघांनी एकमेकांची दहा वर्षांची उणीदुणी काढलेली असतात, एकजण अर्धा चहा टाकून तरातरा निघून गेलेला असतो, आणि ठराव झाला की नाही हे अध्यक्षांनाही धड माहीत नसतं. लिहिणारा मात्र शांतपणे लिहितो, साधकबाधक चर्चा होऊन.

ती लिहिणारी मी. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एक कारखाना होता, वाहनांचे सुटे भाग बनवणारा. तिथे खरेदी विभागात सत्तावीस वर्षं काढली. दर सोमवारी साडेनऊला बैठक. रुजू झाल्यावर पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुमचं अक्षर छान आहे, मिनिट्स तुम्हीच घेत चला.’ अक्षर खरंच बरं होतं. पण त्या खोलीत बाई मी एकटीच होते, हेही कारण असावं. कारण पुढे वही गेली, संगणक आला, अक्षराचा संबंध संपला, तरी ‘एमओएम टाका हं मॅडम’ हे वाक्य माझ्याच वाट्याला येत राहिलं. एमओएम म्हणजे मिनिट्स ऑफ मीटिंग. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको.

लिहिणाऱ्या माणसाची मान सतत खाली असते. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बोलत असतात आणि तुम्ही मागचं वाक्य पुरं करत असता. एकदा एका रबर सीलच्या दरावर चर्चा चालली होती. पुरवठादाराने दर वाढवून मागितला होता आणि सगळे माना डोलवत होते. हाच माल आपण दुसरीकडून कमी दरात घेतलेला आहे, फाइल माझ्याच टेबलावर आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पण मी आधीच्या विषयाची टार्गेट डेट लिहीत होते. मान वर केली तोवर गाडी पुढच्या विषयावर गेलेली. मग मला चुकीचा वाटणारा तो निर्णय मी माझ्या छान अक्षरात लिहून काढला.

म्हणून आज कुणी विचारलं की बैठकीची टिपणं घ्यायला यंत्राची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, मदत घ्यावी का, तर माझं उत्तर तयार आहे. घ्यावी. लिहिणाऱ्याची मान वर झाली हाच माझ्या मते तिचा सगळ्यांत मोठा फायदा आहे, वेळ वाचतो हा नंतरचा. मात्र आता जे सांगणार आहे ते ऐकून मग घ्यावी.

निवृत्त झाल्यावर माणूस सोसायटीच्या कमिटीत सापडतो, तशी मीही सापडले. सेक्रेटरी झाले. आता बैठकीत टेबलाच्या मधोमध फोन ठेवते. तो ऐकतो, आणि बैठक संपून घरी पोचेपर्यंत कागद तयार असतो. कचेऱ्यांत ऑनलाइन बैठका होतात, तिथे तर हे टीम्समध्ये, झूममध्ये, गुगल मीटमध्ये आतच बसवलेलं आहे. एक बटण दाबायचं.

आता हे होतं कसं, ते थोडक्यात. एकाच वेळी एक यंत्र काम करत नाही, दोन करतात, असं समजा. पहिलं आवाजाचे तुकडे करून त्यांचे शब्द बनवतं. दुसरं ते सगळे शब्द वाचून त्याचा सारांश काढतं, कोणी काय करायचं, कधीपर्यंत, असं. पहिल्याची चूक ऐकण्याची, दुसऱ्याची समजुतीची. आणि दुसऱ्याला पहिल्याची चूक कळत नाही. चुकीच्या शब्दांवरही ते तितक्याच झोकात सारांश लिहून मोकळं होतं.

तुम्ही आत्ता मला ऐकताय. मी दिसत नाही. मी हे बोलताना हसतेय की कपाळाला आठी घातलीय, हे तुम्हाला आवाजावरून जेवढं कळेल तेवढंच. त्या टेबलावरच्या फोनची अवस्था नेमकी तुमच्यासारखीच असते. अध्यक्षांनी भुवई उंचावली, खजिनदारांनी मान हलवली, कोपऱ्यातल्या काकूंनी हाताने ‘राहू दे’ केलं, यातलं त्याला काहीही मिळत नाही. आपल्या बैठकांमध्ये निम्मा निर्णय मानेने होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि मग मराठी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चुका कुठे होतात ते मला इथेच पहिल्यांदा दिसलं.

आमच्या इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरची डागडुजी काढली होती. कंत्राटदार बैठकीला आला. परांचीचा प्रश्न निघाला, बांबू बांधायचा खर्च कुणाचा? आता मराठीत ‘आम्ही करू’ आणि ‘आपण करू’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंत्राटदार ‘आम्ही करू’ म्हणाला तर पैसे त्याचे. ‘आपण करू’ म्हणाला तर आमच्या खिशाला कात्री. आमच्या कमिटीत दोन अमराठी सभासद आहेत, त्यांच्यासाठी मी इंग्रजी सारांशही काढते. त्यात काय आलं असेल? इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, ‘वी’. ‘वी’ परांचीचा खर्च करतील. म्हणजे कोण? मी मूळ शब्द काढून बघितले, रेकॉर्डिंग ऐकलं. ‘आम्ही’ होतं. बरं झालं ऐकलं. तो इंग्रजी कागद तसाच गेला असता तर पुढे वकिलाला तेवढं पुरलं असतं.

‘आपण’ला तर आणखी एक पदर आहे. ‘देशपांडेसाहेब, आपण बोलून घ्या’ म्हणजे तुम्ही बोला. ‘आपण बोलून घेऊ’ म्हणजे सगळे बोलू, अर्थात कुणीच बोलणार नाही. यंत्र दोन्हीकडे जबाबदारीच्या रकान्यात एखादं नाव टाकून देतं, कारण रकाना रिकामा ठेवणं त्याच्या जिवावर येतं.

‘परवा’चंही तेच. परवा म्हणजे गेलेला की येणारा? क्रियापद असेल तर कळतं. पण बैठकीत माणसं पूर्ण वाक्यं कुठे बोलतात? ‘परवाचं बिल तेवढं बघा’ असं खजिनदार म्हणाले. बिल येऊन पडलं होतं. सारांशात ते दोन दिवसांनी येणार म्हणून नोंदलं गेलं. पावणेदोन, अडीच, साडेचार हे आकडेही नीट तपासावे लागतात. एकदा पावणेदोन लाखांचं कोटेशन कागदावर दोन लाख झालं. पंचवीस हजारांचा फरक, आणि वाक्य वाचायला अगदी गुळगुळीत.

आणि आपला लाडका शब्द, ‘बघू’. ‘हो हो, बघू की’ याचा अर्थ महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येकाला कळतो. काम होणार नाही. यंत्राने मात्र तो लिहिला, ‘सदस्यांनी सकारात्मक प्रतिसाद दिला.’ मी खूप हसले. मग लक्षात आलं की सत्तावीस वर्षं मीसुद्धा साहेबांच्या ‘बघू’ला ‘अंडर रिव्ह्यू’ लिहीत होते. खोटेपणात फार फरक नव्हता. फक्त मला ते खोटं आहे हे माहीत होतं.

आता जरा गंभीर गोष्ट. ही यंत्रं कधीकधी न बोललेलं लिहितात. ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाची प्रणाली खुली केली. आवाजाचे शब्द करणारी, अनेक भाषा येणारी. ६ लाख ८० हजार तासांचा आवाज ऐकवून ती शिकवलेली आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये तिची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या सुमारे १ टक्का तुकड्यांत अख्खी वाक्यं सापडली जी मुळात कुणी बोललंच नव्हतं. त्यातली तीस-पस्तीस टक्क्यांहून जास्त घातक होती, कुठे हिंसेचा उल्लेख, कुठे माणसाविषयी भलतीच माहिती. १ टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण बोलताना ज्यांना मध्येमध्ये थांबावं लागतं, वाचाघाताने ज्यांचे शब्द अडतात, त्यांच्या मुद्रणांत हे जास्त आढळलं. शांतता लांबली की यंत्र ती आपल्या मनाने भरतं. आणि बैठकीत शांतता कधी पडते, आठवा बरं. नेमका अवघड प्रश्न विचारला गेल्यावर.

शहरातल्या कचेऱ्यांचंच हे खूळ आहे असं मात्र समजू नका. १४ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ‘सभासार’ नावाचं साधन आणलं. ग्रामसभेचा व्हिडिओ किंवा ऑडिओ त्यात टाकायचा, ते इतिवृत्ताचा मसुदा करून देतं. भारतीय भाषांसाठी सरकारनेच उभारलेल्या ‘भाषिणी’वर ते चालतं आणि ज्या भाषा त्याला येतात त्यांत मराठी आहे. सुरुवात त्रिपुरातल्या ग्रामसभांपासून झाली.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माझं माहेर खेड्यातलं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी देवळापुढे ग्रामसभा भरायची. भरायची म्हणजे वीस-पंचवीस माणसं यायची. आणि प्रोसिडिंग? ते सावकाश, नंतर, सोयीने लिहिलं जायचं. घरोघरी वही फिरायची, ‘इथं सही करा.’ कशावर, ते विचारायची पद्धत नव्हती. बायकांचे अंगठे तर चुलीपाशी घेतले जायचे. ज्या सभेचं ध्वनिमुद्रण आहे, त्या सभेत न झालेला ठराव घुसवणं अवघड जाईल. उलट एखाद्या म्हातारीने उठून ‘माझं घरकुल का अडलं’ असं विचारलं असेल, तर तो प्रश्न पुसून टाकणंही अवघड. फक्त ती म्हातारी अहिराणीत विचारेल, किंवा वऱ्हाडीत, मालवणीत. यंत्राच्या कानावर पुस्तकी मराठी जास्त पडलेली असते. तिचा प्रश्न कागदावर ‘अस्पष्ट’ म्हणून आला, तर तो पुसल्यातच जमा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तेवढी ओळ तरी स्वतः ऐकावी.

शेवटी सही माणसाचीच असते ना. कंपन्यांसाठी २०१३ चा कंपनी कायदा आहे, त्याच्या ११८व्या कलमात इतिवृत्ताचे नियम आहेत. बैठक संपल्यापासून ३० दिवसांत ते वहीत यायला हवं, पानांना सलग क्रमांक हवेत. त्यात खाडाखोड, फेरफार करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा काय मागतो? कामकाजाचा योग्य आणि अचूक सारांश. शब्द न् शब्द मागत नाही. बदनामी करणारं किंवा विषयाला सोडून असलेलं बोलणं वगळायचा अधिकार अध्यक्षांना त्याच कलमाने दिलेला आहे. म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं, ही या कामातली खरी अक्कल. आमची सोसायटी सहकार कायद्याखाली येते, कंपनी कायद्याखाली नाही, पण अक्कल तीच लागते. भांडणात एका सभासदाने दुसऱ्याच्या मुलाच्या नोकरीवरून काहीबाही म्हटलं होतं. यंत्राने ते जसंच्या तसं उतरवलं, मुद्देसूद, स्वतंत्र परिच्छेदात. मी तो परिच्छेद काढला आणि तिथे लिहिलं, बरोबर ओळखलंत, साधकबाधक चर्चा झाली. या वाक्याची मी सुरुवातीला चेष्टा केली. पण कुणाची तरी लाज त्याने कित्येकदा राखलेली आहे.

काही बैठकांत फोन मध्ये ठेवूच नये. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असते. २०१३ च्याच कायद्याने त्या तक्रारीचा आणि चौकशीचा मजकूर बाहेर फोडायला मनाई आहे. तिथलं बोलणं कुठल्याशा परक्या संगणकावर पाठवायचं? मुळीच नाही. पगारवाढ, कुणाला काढायचं, कुणाचं आजारपण, हेही तसंच. तिथे वही आणि पेन.

आणि यंत्र बंद झालं का, ते बघा. अमेरिकेतली २०२४ मधली गोष्ट आहे. एकाची गुंतवणूकदारांबरोबर ऑनलाइन बैठक झाली. तो बाहेर पडला, ते मागे बोलत बसले, आपल्या धंद्यातल्या आतल्या गोष्टी. टिपणं घेणारं यंत्र ऐकतच होतं. मग त्याने इमाने इतबारे सगळं लिहून त्या माणसालाच मेल करून टाकलं. त्या माणसाने तो व्यवहार मोडला. आपल्याकडे बैठक संपल्यावर जिन्यात जी बैठक भरते, ती आठवून बघा, म्हणजे अंगावर काटा येईल.

ऑनलाइन बैठकांत तर हल्ली माणसाच्या आधी त्याचा नोटटेकर येऊन बसतो. माझा भाचा सांगत होता, एका बैठकीला सातजणांची नावं दिसत होती, त्यात माणसं तीन. बाकीच्यांनी आपापली यंत्रं पाठवून दिली होती. तिघं बोलली आणि चौघांनी लिहून घेतलं. कुणाला विचारून? कुणाचाही आवाज मुद्रित करताना आधी सांगावं, विचारावं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झालाय म्हणून तर खरंच, पण आपल्या घरी आलेल्या पाहुण्याचं बोलणं आपण पलंगाखाली बसून ऐकत नाही, तेवढी रीत म्हणूनही.

माझी स्वतःची पद्धत सांगते, पटली तर घ्या. फोन पंख्यापासून लांब ठेवते, आणि बिस्किटांच्या पुड्यापासूनही. त्या कागदाचा आवाज फार होतो. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने सांगायचं, नाहीतर कागदावर ‘वक्ता एक’, ‘वक्ता दोन’ येतं आणि मग ओळख परेड करावी लागते. विषयपत्रिका आणि सभासदांची नावं यंत्राला आधीच देते. जिथे कळलं नाही तिथे ‘कळलं नाही’ असंच लिही, अंदाज करू नकोस, असं त्याला स्पष्ट बजावते. ते नेहमी ऐकतं असं नाही, पण फरक पडतो.

सगळ्यांत उपयोगी पडली ती मात्र जुनीच युक्ती. प्रत्येक विषय संपला की मी मोठ्याने म्हणते, ‘थांबा. तर ठरलं असं की...’ आणि आकडा, तारीख, नाव घेऊन वाक्य पुरं करते. यंत्राला धड वाक्य मिळतं. त्याहून गंमत म्हणजे, निम्म्या वेळा कुणीतरी तिथल्या तिथे उठून म्हणतं, ‘अहो, असं कुठे ठरलं?’ ही ओरड आधी महिन्याभराने ऐकू यायची, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या पहिल्या विषयाला. आता त्याच मिनिटाला येते.

घरी आल्यावर आकडे, तारखा, नावं आणि प्रत्येक ‘नाही’ रेकॉर्डिंगशी ताडून बघते. ‘नाही’ गळला की ठराव उलटा होतो. आणि समोर एक चिठ्ठी असते, बैठकीत पेनाने खरडलेल्या चारपाच ओळी. कोण गप्प होतं, कोण मध्येच उठलं. कारण आता माझी मान वर असते आणि मला ते दिसतं.

गेल्या महिन्यातलंच सांगते. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचे एक काका आहेत, वय ऐंशीच्या पुढे. बोलत नाहीत. एखादी गोष्ट पटली नाही की फक्त खाकरतात. ते खाकरणं आमच्या कमिटीला गेली पंधरा वर्षं पाठ आहे. जुनी लिफ्ट दुरुस्त करावी की नवी घ्यावी, हा विषय होता. नवी घ्यायचं ठरलं. यंत्राने लिहिलं, सर्वानुमते मंजूर. माझ्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, काका दोनदा. मी रेकॉर्डिंग लावलं. खाकरणं त्यात नव्हतंच. फोनमधली सोय खोकला, खुर्चीची करकर, असले आवाज गोंगाट समजून आधीच गाळून टाकते.

दुसऱ्या दिवशी वर गेले. म्हटलं, ‘काका, लिफ्टला तुमचा विरोध आहे का?’ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘विरोध नाही. वर्गणी जड जाईल. दोन हप्त्यांत घ्याल का, विचार.’

सर्वानुमते खोडून मी तिथे नुसतं मंजूर लिहिलं आणि हप्त्यांचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घेतला. सभा येत्या रविवारी आहे, सकाळी दहाला. काकांची खुर्ची या वेळी फोनच्या शेजारी मांडणार आहे, बोलले तर बोलले. नमस्कार.